रेड्याला पाजलेलं पाणी

यहया परकार शारजाच्या रोल्ला भागात मटणाचं दुकान चालवायचा आणि स्वतः मटण खात नव्हता. शारजात हा विनोद बरेच दिवस चालला. लोक म्हणायचे, खाटीक शाकाहारी झाला, आता कयामत लांब नाही. मी हसायचो नाही. मला कारण ठाऊक होतं, आणि हसणाऱ्याच्या कानाखाली काढावी असं वाटायचं. एकदा काढलीही.

मी प्रल्हाद, माणगावकडचा. खोर फक्कानहून मासळी भरून शारजाला आणणारी पिकअप चालवायचो. यहया म्हसळ्याचा. गावी आमची गाठ पडली नसती, इथे एका खोलीत राहिलो आणि सख्ख्यासारखे झालो. त्याचा धाकटा भाऊ अहमद गावाहून आला तेव्हा त्याची गादीही माझ्याच शेजारी पडली. पोरगा बोलका होता, गुरांचं भारी वेड. मला ‘परल्यादादा’ म्हणायचा आणि माझीच चप्पल घालून फिरायचा.

अहमदला काम वाडेकरने दिलं. वाडेकर रोह्याचा, आपल्याच मुलखातला. मसाफीच्या पुढे डोंगरात एका अरबाचा गुरांचा वाडा होता, तिथला हा मॅनेजर. अरबाबने, म्हणजे मालकाने, हौसेने म्हशी पाळल्या होत्या आणि त्यांच्यासाठी जहाजातून एक रेडा आणला होता. रेडा कसला, काळा पहाडच. वाडेकर त्याला स्वतःच्या पोरापेक्षा जपायचा, कारण अरबाब आला की आधी रेडा बघायचा, मग मॅनेजर.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, त्या रेड्याने दावं तोडलं आणि आडव्या आलेल्या अहमदच्या पोटात शिंग घातलं. वाडेकर ओरडा ऐकून बाहेर आला. त्याने पडलेला पोरगा पाहिला आणि डोंगराकडे पळणारा रेडाही पाहिला. मग होती नव्हती ती माणसं गाडीत घातली आणि रेड्याच्या मागे गेला. परत आला तेव्हा दुपार टळून असरची बांग होऊन गेली होती. रेडा सापडला नव्हता. अहमद गेला होता. वाड्यावरच्या स्वयंपाक्याने नंतर आम्हाला सांगितलं, पोरगा सरपटत पाण्याच्या ड्रमकडे गेला होता. वाळूतली खूण ड्रमच्या हातभर अलीकडे थांबली होती.

कागदोपत्री तो अपघात झाला. अरबाबने यहयाच्या खांद्यावर हात ठेवला, खरंच वाईट वाटलं त्याला. रेड्याचं म्हणाला, “मिळाला तर तुझा. खलास.”

दफन करून आलो त्या संध्याकाळी यहया खोलीत म्हणाला, “त्या रेड्याचं काळीज भाजून खाईन. तोवर मटण मला हराम.”

मी म्हटलं, “रेड्याला काय कळतं, भडव्या? आधी त्या वाडेकरला धर.”

“वाडेकरच्या दारात मी गेलो होतो, परल्या. माझ्या भावाला नोकरी दे म्हणून हात जोडले होते. त्याने दिली. ज्याने भाकरी दिली त्याच्या नरड्याला हात कसा लावू?”

हा असा माणूस. उपकाराचं ओझं मेल्या भावापेक्षा जड. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने डाळ शिजायला ठेवली.

आणि वाडेकरही असा कोडगा, की दर शुक्रवारी सकाळी यहयाच्याच दुकानात मटण घ्यायला यायचा. त्याचं बिऱ्हाड रोल्लातच होतं. “यहयाभाई, सीना नि चाप मिक्स, चरबी कमी.” यहया मान खाली घालून तोलून द्यायचा. मी तिथे असलो की बाहेर जाऊन सिगारेट ओढायचो, नाहीतर तिथलाच सत्तूर उचलला असता.

शुक्रवारीच यहया गावी फोन लावायचा. रोल्लाच्या बागेशेजारी बूथ होतं, बाहेर ही रांग. त्याची आई, हमीदाचाची, पलीकडून इतक्या मोठ्याने बोलायची की रांगेतल्यांनाही ऐकू जावं. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. फोन उचलला की पहिला प्रश्न, “मेला काय रे तो?”

“नाही अम्मा. शोधतोय.”

“शोध.” आणि फोन ठेवायची.

मग आम्ही शोधायला लागलो. जुम्माची नमाज झाली की तो पिकअपमध्ये येऊन बसायचा, मागे दोर आणि सुरी. मसाफी, दिब्बा, मधल्या सगळ्या वाद्या, म्हणजे डोंगरातले कोरडे ओढे, जिथवर गाडी जाईल तिथवर आणि मग पायी. नागडे डोंगर, तापलेला दगड, सावलीला काटेरी झाड. भेटेल त्याला आमच्या मोडक्या अरबीत विचारायचं, जामूस पाहिलास का, जामूस? जामूस म्हणजे म्हैस. एक म्हातारा डोंगरी अरब ऐकून इतका हसला की त्याला खोकला लागला. “जामूस? डोंगरात?” मग हळूहळू हसणं थांबलं. कुणाच्या बागेची भिंत पडली होती, कुणाचा हिरवा चारा रातोरात फस्त झाला होता. कुणी शिंगं पाहिली होती आणि सैतान समजून दुआ पढत घरी पळाला होता.

उन्हाळा रेड्याने काढला, आम्हीही काढला. यहया वाळत चालला. गिऱ्हाइकाला काळीज कापून देताना त्याचा हात थोडा थांबायचा, तेवढंच.

डोकं शेवटी माझं चाललं. आमच्या घरी म्हशी होत्या. मी म्हटलं, “आपण डोंगर कशाला शोधतोय? चिखल शोध. म्हशीच्या जातीला लोळण लागते. या मुलखात चिखल आहे तरी किती ठिकाणी?”

डिसेंबरात तिथल्या नॅशनल डेची सुट्टी आली. दिब्ब्याच्या अलीकडे एका वादीत खजुराची एक ओसाड बाग तिथल्याच एकाने आम्हाला दाखवली. मालक शहरात निघून गेलेला, झाडं निम्मी वाळलेली, पण जुनी टाकी झिरपत होती आणि तिच्याखाली छान काळा चिखल झाला होता. चिखलात रेड्याच्या अंगाचा साचा, शेजारी ताजं शेण. मला गावच्या गोठ्याचा वास आला आणि भलत्या वेळी बरं वाटलं.

बागेच्या दगडी भिंतीला एकच खिंडार होतं. तिथे मी फासा लावला, दोराचं दुसरं टोक खजुराच्या बुंध्याला. दुसरा दोर हातात. मग आम्ही टाकीआड बसून राहिलो. यहयाने सुरीला धार लावून ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, “मी नाव घेणार नाही.”

“कुणाचं?”

“अल्लाचं. सुरी फिरवताना नाव घेतलं की जनावराचा जीव इज्जतीने जातो. याला इज्जत द्यायची नाही. अहमद जसा गेला तसा घालवायचा. कुणी नाही, काही नाही.”

“आणि काळीज? नाव घेतलं नाही तर मटण हराम ना तुमच्यात?”

याचा विचार त्याने केला नव्हता. त्याने अंगठ्याने सुरीची धार पुन्हा पाहिली. मग म्हणाला, “हराम तर हराम. खाईन.” पाच वेळा नमाज पढणारा माणूस हे बोलला. सूड घ्यायला मीच त्याला इतके महिने टोचत होतो, पण त्या घटकेला मलाच त्याची भीती वाटली.

ऊन चढल्यावर रेडा आला. वाळला होता, कातडीला भेगा पडल्या होत्या, तरी शिंगं तीच. खिंडारात पाय घातला आणि फासा बसला. त्याने असा हिसका दिला की खजुराच्या मुळाची माती उडाली. यहया दबा सोडून सरळ त्याच्या समोर जाऊन उभा राहिला, वेडा. “ये!” म्हणून ओरडला. “ये, मलापण घे!” रेडा आलाच. दोर ताणला गेला, शिंग यहयाच्या सदऱ्यातून आरपार गेलं आणि अंगाला चाटून निघालं. तेवढ्यात मी मागच्या पायांत दुसरा फास टाकला आणि बुंध्याला वेढा देऊन ओढत राहिलो. तळहात सोलून निघाले. मग ते धूड एका अंगावर कोसळलं. आम्ही चारी पाय जखडले.

रेडा पडल्या पडल्या धापा टाकत होता. जीभ बाहेर, तोंडाला फेस. यहयाने त्याच्याकडे बघितलं. आता सुरी घेईल म्हणून मी तोंड फिरवलं. पावलं ऐकू आली ती लांब जाणारी. बघतो तर यहया गाडीकडे गेला, माझं घमेलं काढलं, कॅनमधलं पाणी त्यात ओतलं आणि घेऊन आला. रेड्याच्या तोंडाशी धरलं. रेडा प्यायला. घळघळा प्यायला. मग यहयाने सुरी पाठीमागे लपवली, जनावराला दिसू नये म्हणून, आणि मला म्हणाला, “मान धर. किब्ल्याकडे कर, मक्केच्या बाजूला.”

“अरे, तू करतोयस काय?” मी ओरडलो.

त्याने ऐकलं नाही. गुडघा टेकला, आणि त्याच्या तोंडून निघालं, “बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर.” सुरी एकदाच फिरली. बावीस वर्षांच्या सरावाचा हात होता तो.

रक्त थांबल्यावर यहया भानावर आला. आधी त्याने ते घमेलं पाहिलं, मग स्वतःचे हात. “परल्या, मी पाणी पाजलं काय रे त्याला?”

“पाजलंस. नावही घेतलंस.”

तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. दफनाच्या दिवशीही असा रडला नव्हता. कापायच्या आधी पाणी, मग किब्ला, मग नाव. वडिलांनी शिकवलेलं, इतकी वर्षं रोजचं. मन सूड घ्यायला गेलं होतं आणि हात दुकानात गेले होते. मला त्या हातांचा संताप आला. असला भाबडा खाटीक जगात दुसरा नसेल.

नाव घेतलेलं मटण टाकून देणं पाप. म्हणून त्याने तिथेच सगळं सोललं, वाटे घातले आणि आम्ही डोंगरातल्या घराघरांत देत फिरलो. काळीज एका म्हातारीला दिलं. “खा की,” मी म्हटलं, “शपथ सुटेल.” तो म्हणाला, “हे आता माझ्या सुडाचं नाही. ज्याचं नाव घेतलं त्याचं आहे.”

शुक्रवारी मी त्याच्याबरोबर बूथवर गेलो.

“मेला काय रे तो?”

“मेला, अम्मा.”

“काळीज खाल्लंस?”

“नाही.” यहया खोटं बोलू शकला असता. त्याला आईशी खोटं बोलता येत नव्हतं. “अम्मा, मी त्याला पाणी पाजून कापलं.”

मला वाटलं लाइन गेली. मग तिचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू. मला यहयाच्या खांद्याला कान लावून ऐकावा लागला.

“रेड्याला पाणी मिळालं,” ती म्हणाली. “माझ्या पोराला कुणी पाजलं काय रे?”

फोन ठेवला गेला. यहया रिसीव्हर धरून उभाच. रांगेतला एक जण “यल्ला भाई, जल्दी करो” म्हणाला आणि माझं तोंड बघून गप्प बसला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम दुकानात होतो. गर्दी होती. वाडेकर आला, हातात पिशवी. “यहयाभाई, नेहमीचं.”

यहयाने सुरी बाजूला ठेवली. हात धुतले. माठातून स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला आणि काउंटरवर वाडेकरसमोर ठेवला.

“आधी पाणी पी.”

खाटीक आधी पाणी कुणाला पाजतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. वाडेकर कोकणातला, त्यालाही माहीत होतं.

“मला तहान नाहीये.”

“त्याला होती,” यहया म्हणाला. आवाज चढवला नाही, सुरीकडे बघितलंही नाही. “पी.”

वाडेकरने ग्लासाला हात लावला नाही. पिशवी तिथेच राहिली. माझ्या छातीत इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा गार वाटलं, हे मी लपवत नाही.

तो दुकानात यायचा बंद झाला. मग यहया त्याच्याकडे जायला लागला. दर शुक्रवारी, नमाजेनंतर, भर रस्त्यातून, भरलेला ग्लास हातात, थेंब न सांडता. बिल्डिंगचा जिना चढायचा, बेल वाजवायचा. वाडेकरची बायको अर्चना दार उघडायची. यहया म्हणायचा, “वहिनी, साहेबांना पाणी आणलंय.” शिवी नाही, धमकी नाही. पोलिसात काय सांगणार होता वाडेकर, की एक माणूस मला पाणी पाजतो? पहिल्या खेपांना बाई चिडली. मग एकदा तिने आत वळून नवऱ्याला विचारलं, “हा पाणी का आणतो, ते मला आज सांगाच.” त्यानंतर ती चिडली नाही. दार उघडायची, बाजूला व्हायची आणि आत सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे यहयाबरोबर बघत उभी राहायची.

रमजानचे शुक्रवारही यहयाने सोडले नाहीत. रोज्याच्या सुकल्या ओठांनी तो ग्लास नेऊन पुढे करायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर वाडेकरने नोकरी सोडली. सामान विकलं आणि कुणाचा निरोप न घेता रोह्याला निघून गेला. आम्हाला त्यांच्या वॉचमनने सांगितलं. यहया रिकाम्या फ्लॅटच्या दारापर्यंत जाऊन आला, ग्लास तसाच भरलेला.

तिथून आम्ही सरळ बूथवर गेलो.

“अम्मा, तो वाडेकर पळाला. मुलूख सोडून.”

“पाणी प्यायला काय रे?”

“नाही. एकदाही नाही.”

“तहानलेलाच गेला?”

“तहानलेलाच.”

पलीकडे गावातला कुणाचा तरी कोंबडा आरवत होता, तो ऐकू आला. मग हमीदाचाची म्हणाली, “बरं. आता जेव, बाबा.”

दुकानात येऊन यहयाने स्वतःसाठी मटण तोललं.