पायथनच्या आधी पूजा

मंडळी, पन्नाशीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलीय! आज चारला पहिला ऑनलाइन वर्ग. साडेतीनला डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरला पायथनसाठी कमांड दिली. त्याने विचारलं, इन्स्टॉल करू का? हो असेल तर 'वाय' दाबा.

वाय दबेचना!

सकाळी सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, दसऱ्याची पूजा केलेली. ओझरच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला कुंकू लागतंच. कीबोर्डच्याही बरोबर मधोमध, नेमकं वायच्या कळीवर, ओलं, ठसठशीत बोट!

शेवटी नानांनीच स्क्रूड्रायव्हरने कळ उचकटली, जुन्या टूथब्रशने घासली. "दाब आता, सूनबाई."

भराभर ओळी धावल्या. चारच्या आत पायथन तयार!

नाना जरा ओशाळलेच. म्हणाले, "पुढच्या वर्षी कुंकू नाही, नुसत्या अक्षता टाकतो."

सांगा, पुढच्या दसऱ्याला कीबोर्ड कुठे लपवू?