बजाबाईनं लावलेला चुना

मंद्रूपच्या बजाबाईनं तीस वर्षं सोलापुरात घमेली उचलली. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचं, दिवसभर सिमेंट-वाळू वाहायची आणि दिवेलागणीला गावी परतायचं. शहरातल्या कितीतरी उंच इमारती तिच्या डोक्यावरून वर गेल्या होत्या.

गेल्या वर्षी ती एका जुन्या वाचनालयाच्या आवारात कामाला लागली. पुढं काळ्या दगडाचं शंभर वर्षांचं सभागृह आणि मागं सात मजली नवी इमारत, असा बेत होता. पण सभागृह काही साथ देईना. आतून सिमेंटचा गिलावा केला, तो दोन महिन्यांत पोपडे धरून खाली आला. आर्किटेक्ट इंद्रायणी म्हणत होती, या भिंतींना चुनाच हवा. पण चुन्याचं काम जाणणारा माणूस तिला सापडत नव्हता. शेवटी संस्थेनं सांगून टाकलं, या पावसाळ्यात भिंती टिकल्या नाहीत तर सभागृह पाडायचं आणि तिथं गाड्या लावायच्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मागच्या बाजूला जेसीबी खोदत होता. मातीखालून बाक घेतलेले घडीव दगड वर यायला लागले. बजाबाईच्या हातून घमेलं सुटलं. ती धावत जेसीबीपुढं जाऊन उभी राहिली.

"ए कल्लप्पा, थांबीव! थांबीव म्हणते की!"

कल्लप्पानं मशीन बंद केलं. साइट इंजिनिअर अनीश धावत आला. "काय झालं मावशी? साप निघाला का?"

"साप न्हाय सायेब, घाणी निघाली."

"तेलाची?"

"चुन्याची. ह्या गोल चरात चुना घालायचा, वरनं दगडी चाक फिरवायचं. ही इमारत बांधताना हितंच मळला आसंल की चुना."

"आणि चाक कुठंय?"

बजाबाईनं लिंबाच्या झाडाखाली बोट दाखवलं. तिथल्या जाड गोल दगडावर बसून सगळी साइट रोज चहा प्यायची.

इंद्रायणी आली तेव्हा बजाबाई हातानं माती उकरत होती. तिचा बाप चुन्याचा मिस्त्री होता. नवव्या वर्षापासून ती त्याच्या घाणीवर बैल हाकायची. मग सिमेंट आलं, घाण्या बंद पडल्या आणि तिला पुन्हा कुणी विचारलंच नाही.

"म्हणजे तुम्हाला येतं?" इंद्रायणीचा विश्वास बसेना.

"न यायला काय झालं? हातानं केलंय."

अडचण एवढीच होती की नव्या इमारतीच्या तळघरात गाड्या न्यायचा उतार नेमका त्या घाणीवरून जाणार होता. अनीशनं कपाळाला हात लावला. मग त्यानं आणि इंद्रायणीनं जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि तासभर वाद घातला. शेवटी उतार सहा फूट पलीकडं सरकला. "दोन गाड्या कमी बसतील," अनीश म्हणाला, "पण बसेल."

चार दिवसांनी बजाबाईचा नवरा हिंदुराव टेम्पोतून बैल घेऊन आला. शहरात जायचं म्हणून त्यानं बैलाची शिंगं रंगवली होती आणि स्वतः नवा पटका बांधला होता. चाक फिरायला लागलं तशी गल्ली गोळा झाली. वाचनालयातली म्हातारी माणसं पेपर टाकून बाहेर आली. बैलामागं चालताना बजाबाईला आपलं वय आठवेना.

इंद्रायणी वही घेऊन मागोमाग फिरत होती. "हिरडा किती घालायचा?"

"घमेल्याला दोन मुठी."

"कुणाच्या मुठीनं?"

"माज्या!"

इंद्रायणीनं तिच्या मुठीतला हिरडा तराजूवर घातला आणि वजन लिहून घेतलं. गुळाचं पाणी झालं, वाळू झाली. बजाबाईनं चुना चिमटीत चोळून पाहिला. "आजून खरखर लागतंय. लोण्यागत व्हाया पायजे." आणखी दोन दिवस बैल फिरला.

गिलावा तिनं स्वतः केला. हाताखाली साइटवरच्याच चार बाया घेतल्या. थापी कशी धरायची, भिंतीला पाणी कधी मारायचं, सगळं ती ओरडून शिकवायची. कुणी घाई केली की म्हणायची, "चुना हाय ह्यो, त्याला दम खाऊ दे."

त्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. इंद्रायणी दर आठवड्याला येऊन भिंतीवरून हात फिरवायची. एक पोपडा सुटला नाही. सप्टेंबरात संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, "बजाबाईंनी आम्हाला चुना लावला!" सभागृह हसून लोटपोट झालं. बजाबाई पदराआड हसत राहिली आणि मग तिला पदरानं डोळेही पुसावे लागले.

मागच्या इमारतीचा चौथा मजला तेव्हा चढत होता. तिथं घमेली वाहायला आता दुसऱ्या बाया होत्या. माळशिरसकडच्या एका जुन्या शाळेतून चुन्याच्या कामाचं बोलावणं आलं होतं, आणि पुढच्या सोमवारी बजाबाई आपल्या चार जणींना घेऊन एसटीत चढली.

"कामाला निघाला का मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"व्हय," खिडकीशी ऐसपैस बसत ती म्हणाली, "शिकवाया."