भिंगरी आणि दहावा तुकडा

गर्शोम नवगावकरांना खांदा कॉलनीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळे ‘सर’ म्हणत, आणि त्यांनी आयुष्यात एक दिवसही कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं काढली. आलेल्या मालाचा नमुना घ्यायचा, तपासायचा, आणि पास की नापास ते लिहायचं. नापास झालेला माल पुन्हा तपासायची विनंती त्यांनी कधी ऐकून घेतली नाही. मालकाचा मेहुणा एकदा रदबदली करायला आला, तर सरांनी त्याच्या हातात धुवायला परीक्षानळ्या दिल्या, असं सांगतात. निवृत्त झाल्यावर हीच करडी नजर बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर, जिन्यातल्या दिव्यांवर आणि कचऱ्याच्या डब्यांवर वळली. ‘सर’ ही पदवी त्यातूनच मिळालेली.

अशा माणसाच्या गळ्यात देवाने भिंगरी बांधली.

भिंगरी ही त्यांच्या मुलीची, शिराची, बीगल जातीची कुत्री. लांब कान, पांढरे पाय, पाठीवर काळी झूल, आणि अंगात पाच कुत्र्यांना पुरून उरेल एवढी रग. सरांच्या पत्नीला, सोफीला, जाऊन दोन वर्षं झाली होती. डिसेंबरात शिरा इस्राएलला नोकरीवर गेली तेव्हा भिंगरीचा पट्टा वडिलांच्या हातात देऊन म्हणाली, “पप्पा, हिला तुमच्याकडेच ठेवते. तुम्हाला सोबत.” सर म्हणाले, “मला सोबत कशाला लागतेय?” पण पट्टा सोडला नाही.

तेव्हापासून रोज पहाटे पाच वाजता सर मैदानावर हजर. भिंगरी तासभर गवतात नाक खुपसून सुसाट पळायची आणि सर मध्ये उभे राहून घड्याळ बघायचे. संध्याकाळी पुन्हा एक तास. एवढं झालं की ती घरात माणसासारखी वागायची. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीप्रमाणे पट्टा घेऊन निघाले. कोपऱ्यावर हवालदाराने अडवलं.

“आजोबा, कुठे निघालात?”

“हिला पळवायला. रोज दोन तास पळणं तिच्या प्रकृतीला आवश्यक आहे.”

“पास आहे का?”

“कुत्रीला पास?”

“तुम्हाला हो! वय किती तुमचं?”

“सदुसष्ट.”

“मग तुम्ही तर गेटच्या बाहेरच यायचं नाही. चला, मागे फिरा.” हवालदाराने काठी उगारली नाही, उलट भिंगरीच्या कानामागे खाजवलं. पण मागे फिरावंच लागलं. सरांचं म्हणणं जन्मात पहिल्यांदा असं कुणी उडवून लावलं होतं. तो दिवस त्यांचा वाईट गेला.

मग प्रयोग सुरू झाले. गच्चीवर पळवून झालं, तर लोक तिथे जमायला लागले म्हणून सेक्रेटरी विश्वजीतने गच्चीला कुलूप घातलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून चार मजले वरखाली करून पाहिलं. भिंगरीला त्याचं काहीच वाटलं नाही, सरांचे गुडघे मात्र बोलायला लागले. शेवटी हॉलमध्ये चेंडू टाकायला सुरुवात केली. चेंडू भिंतीवर, भिंगरी चेंडूवर, आणि दोघांचाही आवाज खालच्या मजल्यावरच्या दाऊदभाईंच्या डोक्यावर. चेंडू थांबवला की भिंगरी बाल्कनीत जाऊन मान वर करून असा काही हेल काढायची की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत येत. पहाटे पाचला सुरू झालेलं हे प्रकरण रात्री दहापर्यंत चाले. तिने अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती.

दाऊदभाई तीस वर्षं कुवेतला राहून परत आलेले. फेब्रुवारीत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, जिने चढायला मनाई केली होती. आणि वर ही धुमश्चक्री. त्यांची बायको खतीजाभाभी एका दुपारी वर आली. तोंडाला ओढणी बांधून दारापासून चार पावलं लांब उभी राहिली.

“गर्शोमभाई, बोलायला बरं वाटत नाही. पण यांच्या डोळ्याला डोळा नाही हो. आवाज झाला की दचकतात. छातीवर हात ठेवून बसतात. मला फार भीती वाटते.”

ती भांडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. भांडणात ते हरत नसत. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. सरांनी मनातल्या मनात नमुना तपासला. नापास.

“बुधवारपर्यंत मुदत द्या,” ते म्हणाले. “बुधवारी कुत्री इथे नसेल. शब्द देतो.”

जवळच्या कोन गावचा काशिराम दर बुधवारी सकाळी आठला भाजीचा टेम्पो घेऊन गेटवर यायचा. त्याच्याकडे टेम्पोचा पास होता आणि गावात शेत होतं. सरांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, “द्या की काका. आमी बांधू तिला शेतान. राखनीला कुत्रा पायजेच हाय.”

‘बांधू’ हा शब्द सरांना लागला. तासभर पळाल्याशिवाय जिला चैन नाही, तिला साखळीला बांधणार. पण दुसरं कोण नेणार? त्यांनी शिराला काही कळवलं नाही. दोन-तीन दिवस भिंगरीकडे नीट बघणंही टाळलं.

त्याच बुधवारी संध्याकाळपासून वल्हांडणाचा सण लागत होता. सरांसारख्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या घरात त्याआधी आंबवलेलं काही म्हणजे काही ठेवत नाहीत. पाव नाही, बिस्किट नाही, कपाटाच्या फटीत कण नाही. सरांनी एकट्याने पंधरा दिवस घर घासून काढलं होतं. सगळं झालं की आदल्या संध्याकाळी शेवटचा शोध घ्यायचा असतो. घरातल्या कुणीतरी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवायचे, आणि घरच्या कर्त्याने मेणबत्ती आणि कोंबडीचं पीस घेऊन ते हुडकायचे. सकाळी ते जाळले की घर शुद्ध. इतकी वर्षं सोफी लपवायची आणि सर शोधायचे. सोफी इतकं बेमालूम लपवायची की सरांची चिडचिड व्हायची आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. तिच्या मागे ते काम शिराने केलं. आता लपवणारेही सर आणि शोधणारेही सरच. आपल्यालाच चकवायला आपण निघालोय, याचं त्यांना हसू आलं, आणि पाठोपाठ फार एकटं वाटलं.

त्यांनी भिंगरीला बाथरूममध्ये कोंडलं आणि कामाला लागले. तिने आतून आकांत मांडला. नऊ तुकडे लपवून झाले तोच शिराचा फोन आला. “भिंगरी का ओरडतेय, पप्पा?” सर म्हणाले, “उगीच.” खोटं बोलताना त्यांना घाम फुटला. बोलणं आटोपून, शर्ट बदलून, हात धुऊन त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि शोधाला सुरुवात केली.

नऊ तुकडे पाच मिनिटांत मिळाले. दहावा मिळेना.

तो कुठे ठेवला तेच आठवेना. तेहतीस वर्षं ज्यांच्या नोंदीत चूक निघाली नाही, ते सर पलंगाखाली आडवे झाले, फ्रिजमागे वाकले, सोफीच्या शिवणयंत्राचे खण उपसले. मेणबत्ती अर्धी झाली. घरात कुठेतरी पावाचा तुकडा आहे आणि उद्या सण आहे, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला. शेवटी हात टेकले आणि बाथरूमचं दार उघडलं. “जा बाई, तूच बघ.”

भिंगरी गोळीसारखी बाहेर आली, आणि दोन पावलांवर थबकली. नाक जमिनीला लागलं. भुंकणं बंद. ती पहिल्यांदा चपलांच्या खणाकडे गेली. पहिला तुकडा सरांनी तिथेच ठेवला होता. तिथून पुस्तकांच्या कपाटाकडे. दुसरा तिथे होता. मग खुर्चीच्या उशीखाली. सर तोंड उघडं टाकून बघत राहिले. ज्या क्रमाने ते घरभर फिरले होते, त्याच क्रमाने ती त्यांच्या पावलांमागून चालली होती. मध्येच वाट हरवली की परत फिरायची, कोपरा न् कोपरा हुंगायची, पुन्हा माग धरायची. शिराशी बोलताना ते खिडकीपाशी येरझारा घालत होते, तर तिथे तीही येरझारा घालून आली. पाऊण तासाने ती झोपायच्या खोलीत शिरली, दारामागे टांगलेल्या घामट शर्टावर पुढचे दोन पाय टेकून उभी राहिली आणि एकदाच, हळू, भुंकली.

तुकडा खिशात होता. फोन घेताना त्यांनीच तो तिथे टाकला होता.

भिंगरी पाणी प्यायली आणि फरशीवर पडली ती हललीच नाही. सरांनी घाबरून तिच्या पोटावर हात ठेवला. श्वास चालू होता. ती झोपली होती! मैदानावर तास तास पळूनही ही कुत्री कधी अशी गाढ झोपली नव्हती. सर तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. पाय पळवून हिचं पोट भरत नव्हतं, हिचं नाक उपाशी होतं. एवढी साधी गोष्ट प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या आपल्याला चार महिन्यांत कळू नये, म्हणून त्यांनी स्वतःला चांगल्या शिव्या दिल्या. मग उठून सुक्या खोबऱ्याची वाटी फोडली, तिचे बारीक तुकडे केले आणि पहाटेसाठी घरभर लपवले.

पहाटे पाचला भिंगरी उठली, तोंड उघडणार तोच तिला खोबऱ्याचा वास आला. तिने हूं की चूं केलं नाही. सहाच्या सुमाराला ती पुन्हा आडवी झाली.

पण आता त्याचा काय उपयोग? शब्द दिला होता. एका रात्रीच्या शांततेवर मुदत वाढवून मागायची, हे सरांच्या रक्तातच नव्हतं. लोकांना आयुष्यभर जे नाकारलं ते स्वतःसाठी कोणत्या तोंडाने मागायचं? त्यांनी तिचं भांडं धुतलं, तिची चादर घडी करून पिशवीत घातली. उरलेलं खोबरं कागदात बांधलं आणि वर काशिरामसाठी चिठ्ठी लिहिली: ‘हे लपवून ठेवावे, ती शोधते.’ तेवढी चिठ्ठी लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

दार वाजलं. जोरात, दोन्ही हातांनी वाजवल्यासारखं.

दारात दाऊदभाई उभे होते. लुंगीवर, मास्क हनुवटीखाली, कठडा धरून धापा टाकत. अठरा पायऱ्या चढून आले होते. खालून खतीजाभाभी ओरडत होती, “अहो, थांबा ना! मी जाते म्हटलं ना!”

सरांना वाटलं, आठवण करून द्यायला आले. ते घाईघाईने म्हणाले, “दाऊदभाई, तुम्ही कशाला आलात? माझ्या लक्षात आहे. आठला टेम्पो येईल. सामान बांधलंय तिचं.”

दाऊदभाईंनी मान हलवली. ते तिथेच पायरीवर बसले.

“रात्रभर आवाज नाही,” ते दम घेत म्हणाले. “नखांचा नाही, चेंडूचा नाही. पहाट झाली, तरी नाही. आम्ही दोघं जागेच. ही म्हणाली, गर्शोमभाईंना काही झालं तर नाही? एकटा माणूस. दिवस हे असे. कुणाला कळणार?” त्यांनी डोळे पुसले. “तुम्ही बरे आहात ना?”

सर दाराला टेकले. गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न त्यांना समुद्रापलीकडून फोनवर विचारला जायचा, आणि ते दर वेळी ‘मला काय धाड भरलीय’ म्हणायचे. आता त्यांना तसं म्हणता आलं नाही. “बरा आहे,” ते म्हणाले, आणि सोफीच्या दफनाच्या दिवशीही जे झालं नव्हतं ते झालं, सर सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे रडले.

रडण्याच्या आवाजाने भिंगरी जागी झाली. दारात येऊन तिने आधी सरांना हुंगलं, मग लांबूनच दाऊदभाईंकडे बघत शेपटी हलवली.

खाली काशिरामने हॉर्न दिला. दाऊदभाईंनी कठड्यावरून वाकून, डॉक्टरांनी मना केलेल्या आवाजात, त्याला ओरडून सांगितलं, “जा बाबा, जा! कुत्री जात नाही. वर कुणीतरी आहे, ते कळायला पाहिजे आम्हाला.”