फोटोतल्या मनोऱ्याचा कल

फोटोत कललेला दिसणारा मनोरा प्रत्यक्षातही कललेला असतो का, एवढाच प्रश्न मला सोडवायचा होता. तो मला खालच्या मजल्यावरच्या एका चिनी म्हाताऱ्याने घातला होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अमेरिकेत स्टेट कॉलेज या गावी स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते. त्याआधी नागपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवले असल्याने कोणताही प्रश्न आधी फळ्यावर नीट मांडायचा, ही सवय अंगात मुरली होती. त्या उन्हाळ्यात माझ्या दोघी रूममेट इंटर्नशिपसाठी दूर गेल्या. कॅम्पसच्या बस कमी झाल्या. दुकानात पैसे देताना म्हटलेले ‘थँक यू’ हेच माझे दिवसभराचे बोलणे, असेही दिवस जात.

म्हातारबा निवृत्त स्वयंपाकी होते आणि एकटे राहत. मी त्यांना अंकल म्हणे, ते मला ‘इंजिनियर’ म्हणत. एकदा कपडे वाळवण्याच्या यंत्रापाशी ओळख झाली आणि त्यांनी चहाला बोलावले. भिंतीवर एक जुना कृष्णधवल फोटो होता. भातखाचरांच्या मधोमध पाच मजली उंच मनोरा. आमचे घर आंबेडकरी बौद्ध. चिनी पॅगोडा हे आपल्या स्तूपाचेच उंचावलेले रूप आणि त्याचा चिनी शब्दही पालीतल्या ‘थूप’वरून गेला असे मानतात, हे मी वाचले होते. इतक्या लांब कोणीतरी आपले भेटले असे वाटून मी हात जोडले.

“नमस्कार कोणाला?”

“बुद्धाला.”

ते इतके हसले की कपातला चहा बशीत आला. “अगं, हा बुद्धाचा नाही, दरोडेखोरांचा! त्या खिडकीखालची भोकं बघ. ती बंदुकीसाठी.”

मग त्यांनी मला समजावून दिले. दक्षिण चीनमधल्या त्यांच्या भागातले पुरुष अमेरिकेत कामाला येत. इथल्या तेव्हाच्या कायद्यामुळे बायकामुलांना आणणे बहुधा अशक्यच. ते इथून पैसे पाठवत. पैसे येतात म्हणून गावावर दरोडे पडत. आणि दरोडे पडतात म्हणून त्याच पैशांतून लोखंडी झडपांचे असे मनोरे उभे राहत. पूर आला तरी माणसे तिथेच चढत. अंकलच्या वडिलांनी इथे लोकांचे कपडे धुऊन तो मनोरा बांधला. स्वतः मात्र तो फोटोतच पाहिला.

आठवड्याभराने अंकल एक पाकीट घेऊन जिना चढून आले. चीनमधल्या शेंजेन शहरात बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या पुतण्याचे पत्र होते. मनोरा कलला आहे, कोणाच्या अंगावर पडण्याआधी पाडायला हवा, संमतीची सही पाठवा. सोबत रंगीत फोटो. त्यात मनोरा उजवीकडे झुकलेला स्पष्ट दिसत होता.

“तू इमारतींचंच शिकतेस ना? मग सांग. बापाची तेवढी एकच वस्तू उरलीय. वाकडा असेल तर आत्ता सही करतो.”

फोटोवरून सांगता येत नाही, असे म्हणून मी मोकळी होऊ शकले असते. पण फोटोच्या कडेला, मनोऱ्याला लागूनच, एक विहीर होती आणि कप्पीवरून भरलेली बादली लोंबत होती. वजन बांधलेली दोरी म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. ती जमिनीला नेहमी लंबच राहणार. कॅमेरा वाकडा धरला असेल, तर फोटोत दोरी आणि मनोरा सारखेच कलतील. मनोराच कलला असेल, तर दोघांत कोन पडेल. खालून वर काढलेल्या फोटोत भिंती माथ्याकडे जवळ येतात, म्हणून कडा न धरता मी मनोऱ्याची मध्यरेषा काढली. गुण्याची कड दोरीला लावली आणि शाळेत समांतर रेषा काढतो तसा तो पट्टीवरून सरकवत नेला. कड मध्यरेषेवर बसली. पेन्सिलीच्या रेघेइतकाही फरक नव्हता.

“अंकल, मनोरा सरळ आहे. कॅमेरा वाकडा होता!” मी आनंदाने सांगितले.

ते फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पुतण्या कॅमेऱ्यातून नाही बघत, इंजिनियर. फोटो काढताना तो तिथेच उभा होता. मनोरा सरळ आहे हे त्याला दिसलंच असणार.”

मी गुण्या खाली ठेवला.

“वाकडा असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “मला पत्र लिहिणारा तेवढा एकच आहे.”

माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनने त्यांनी सही केली. मी थांबवू पाहिले, तेव्हा त्यांनी हात हलवला. “मनोऱ्यात कोण राहतं? आणि मनोरा काही पत्र लिहीत नाही.” ते खाली गेले. त्यांच्या दाराची कडी वाजेपर्यंत मी जिन्यात उभी होते. त्यानंतर चहाचे बोलावणे आले नाही, आणि मीही दार वाजवले नाही.

इतक्या वर्षांत मी तेच माप मनात पुन्हा पुन्हा घेतले आहे. वारा असता तर दोरी हलली असती, पण बादली भरलेली होती. दोरी मनोऱ्यापासून लांब असती तर कोनात फरक पडला असता, पण ती जवळच होती. माझी चूक निघावी असे वाटते, आणि ती मला सापडत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. उंच इमारतीजवळ एक वजन दोरीने टांगा, कॅमेरा थोडा तिरका धरून फोटो काढा, आणि ही रीत बरोबर आहे की नाही ते स्वतः तपासून पाहा.