कोष्टकात नसलेली आत्या

अर्थखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे ‘समानताबाई’ म्हणायचे. नवा कर आला किंवा जुना हलला, की त्याचा चटका कोणाला जास्त बसतो, बाईला की पुरुषाला, म्हाताऱ्याला की तरुणाला, हे तपासून चार पानी अहवाल देणं हे तिचं काम. अहवाल कोणी वाचत नसे, पण त्याच्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. तेवढाच काय तो मान.

या खेपेला पगारावरचा कर उतरणार होता आणि दोऱ्यापासून बटणांपर्यंत शिवणाच्या सगळ्या सामानावरचा चढणार होता. कोष्टक सांगत होतं, दर घराला एकूण फायदाच. साहेबांना उद्या सकाळी तिच्या सहीने एकच वाक्य हवं होतं: ‘कोणावरही विषम परिणाम नाही.’ ते गेलं की पाच वर्षं कोणी या कराकडे ढुंकून बघणार नव्हतं.

दुपारचं ऊन टेबलावर उतरलं आणि तिला नेहमीची तंद्री लागली. कोष्टकातले चौकोन खोल्यांसारखे दिसू लागले. एकेक दार हळूच लोटत ती आत डोकावत होती. कुठे कोणी भांडी विसळत होतं, कुठे कोणी गुणगुणत केस विंचरत होतं. फिरत फिरत ती स्वतःच्या घरात शिरली. बाबा दिसले, आई दिसली, आरशात ती स्वतः दिसली. पण आत्याच्या शिवणयंत्राचा आवाज काही येईना. ज्या आवाजात तिचं सगळं बालपण झोपलं, तोच नाही.

ती खडबडून जागी झाली आणि थेट कपाटापाशी गेली. हे कोष्टक ज्या फॉर्मांवरून बनलं, ते नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनेच घरोघरी जाऊन भरले होते. दार उघडेल त्याला विचारायचं, लिहायचं, पुढचं दार. स्वतःच्या घराचा तर तिने कोणालाही न विचारता, हसत हसत भरला होता. तो सापडला. ‘आत्या: अवलंबून. उत्पन्न: नाही.’ अक्षर तिचंच, वळणदार. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती फॉर्म घेऊन साहेबांकडे गेली. “एका आत्यासाठी कर थांबत नाही,” साहेब म्हणाले.

“एक नाही साहेब. माझ्याच गठ्ठ्यात ‘अवलंबून’ लिहिलेल्या एकशे चाळीस बायका आहेत. त्यातली जी घरी शिवत असेल, तिला पगार नाही म्हणून सूट नाही, दोरा मात्र महाग. त्यांना कोणी विचारलंच नाही.”

साहेबांनी चष्मा पुसला. “उद्या दहापर्यंत दाखवा. नाहीतर सही करा.”

संध्याकाळी आत्या यंत्रावर वाकून कोणाच्या तरी झग्याला झालर लावत होती. ती कोरा फॉर्म घेऊन शेजारी बसली.

“आत्या, तू महिन्याला किती कमावतेस?”

पाय थांबला. “आज कुठून सुचलं हे?”

“सरकारी कागदात तू बाबांवर अवलंबून आहेस.”

“असं होय? मग तुझ्या परीक्षेची फी काय आभाळातून पडली?” आत्या हसली. “कोणी लिहिलं गं हे?”

“मी.”

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने दोरा तोडला, झगा बाजूला ठेवला आणि दिवा पुढे ओढला.

“मग आता नीट लिही,” ती म्हणाली. “आणि आधी समोरच्या वहिनीला हाक मार. तिचंही राहिलंय.”