सेन्सर नसलेल्या बोर्डातले सात आकडे

इथले गूढ अनुभव मी वर्षभर वाचतेय आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे. माझं कामच असं आहे... मशीन कितीही विचित्र वागलं तरी शेवटी चूक सापडते, आणि बहुतेक वेळा ती आपलीच निघते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

मी पेठ वडगावची. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. फौंड्रीतल्या लोखंड वितळवायच्या भट्ट्यांसाठी आम्ही कंट्रोल बोर्ड बनवतो. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून सतत पाणी फिरत असतं, आणि त्या पाण्याचं तापमान आमचा बोर्ड दर दहा सेकंदांनी नोंदवतो. कॉइल फुटून हे पाणी वितळलेल्या लोखंडाला लागलं तर स्फोटच. बोर्डावरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आमच्या चौगुले सरांनी लिहिलाय.

गेल्या वर्षी नवे बोर्ड टेबलावर चालवून बघताना सारखे हँग व्हायला लागले. सरांनी ते माझ्याकडं दिलं. संशय मेमरीच्या मांडणीवर होता – एकच जागा दोन कामांना दिली गेली असणार. कोण घुसतंय ते कळावं म्हणून मी तो सगळा भाग एकाच ठरावीक आकड्यानं भरून ठेवला. बोर्ड हँग झाल्यावर मेमरी वाचली, तर मधेच सात वेगळे आकडे.

४१२, ४१२, ४१३, ३९७, ४१३, ४३१, ४६८. पुढं परत मी भरलेला आकडा.

आमचा बोर्ड ४१.२ अंश हे ४१२ असं साठवतो. म्हणजे ही पाण्याची रीडिंग्ज होती. फक्त... त्या बोर्डाला सेन्सर जोडलेलाच नव्हता.

"जुना कचरा असंल गं मेमरीत," सर म्हणाले.

"पण वीज काढली की सगळं पुसलं जातंय की सर."

"मग खोक्यातला नवा बोर्ड काढ. हाय काय त्यात!"

काढला. तेच सात आकडे, त्याच क्रमानं.

मग मी सापळा लावला. मेमरीतल्या त्या जागेवर कुणीही लिहिलं की प्रोसेसर जागीच थांबेल असा. त्यात खरी चूक सापडली : कर्नलचा स्टॅक, म्हणजे त्याची कच्च्या कामाची जागा, रीडिंग साठवायच्या बफरमध्ये घुसत होता. दोघांच्या जागा लांब केल्या आणि हँग होणं थांबलं. पण ते सात आकडे लिहिले जाताना सापळा एकदाही लागला नाही. प्रोसेसरच्या हिशेबानं कुणी लिहिलंच नव्हतं. तरी लिहिलेलं होतं... मी ते आकडे डायरीत उतरवून घेतले आणि काम संपवलं.

आठवड्यानं पहिला बोर्ड जवळच्याच एका फौंड्रीत बसवला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी पॅनेलसमोर उभी होते. भट्टीवर शंकरमामा होते, तिथले सगळ्यात जुने कामगार. लांब सळईनं लोखंडावरचा मळ ओढून काढत होते.

४१.२. परत ४१.२. मग ४१.३. पाणी असंच असतं, काही वाटलं नाही.

मग ३९.७.

हाच क्रम माझ्या डायरीत होता, आणि सातव्या आकड्यानंतर पुढं काहीच नव्हतं. पुढचा आकडा यायच्या आधीच मला माहीत होता. आला – ४१.३.

"मामा, मागं या!"

"काय झालं ओ मॅडम? अलार्म न्हाय, काय न्हाय."

"आधी मागं या की! सगळेच या!"

अलार्म साठ अंशांना वाजतो. स्क्रीनवर ४३.१ होतं. मी पॅनेलवरचं भट्टी बंद करायचं लाल बटण दाबलं आणि नुसती ओरडत सुटले. मामांनी वैतागून सळई टाकली आणि, "ह्यास्नी काय झालंय सकाळ सकाळ," म्हणत चालत आले. चालत! मी दंडाला धरून त्यांना खांबामागं ओढलं. मान वळवून बघितलं तर ४६.८.

आवाज आठवत नाही. उजेड आठवतो. लोखंड वरच्या पत्र्यापर्यंत उडालं आणि मामा जिथं उभे होते तिथं सांडलं. कुणालाही लागलं नाही. बोर्डाची नोंद ४६.८ वर संपली होती.

मामा तिथंच जमिनीवर बसले. मग म्हणाले, "तुमास्नी कसं कळलं ओ?"

"आकडे बघून," मी म्हटलं. खोटं नव्हतं. पण त्यांच्याकडं बघवेना.

ऑफिसात सरांनी माझी डायरी आणि बोर्डाची नोंद शेजारी शेजारी ठेवली. दोनदा वाचलं. "योगायोग असंल," एवढंच बोलले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्या व्हर्जनमध्ये त्यांनी मेमरीतली ती मोकळी झालेली जागा दुसऱ्या कामाला द्यायला सांगितली. मी विरोध केला नाही. खरं तर मलाही परत तिथं बघायचं नव्हतं. आता त्या जागेवर दर सेकंदाला दुसरंच काहीतरी लिहिलं जातं. तिथं परत कुणी आकडे लिहून ठेवले, तरी ते आता वाचता यायचे नाहीत.

हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. एवढं खरं की तो बदल माझ्या हातानं झालाय, आणि ते बोर्ड आता पार गडहिंग्लजपर्यंत भट्ट्यांवर बसलेत. लोक खूश आहेत. एकही हँग होत नाही.