आईचा आखडलेला जबडा

आईला जबडा उघडेना, तेव्हा आम्ही तिला कराडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ किडली असेल, असंच सगळ्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी तिच्या मानेला हात लावला. मान लाकडासारखी ताठ.

"अलीकडं कुठं काही लागलं होतं का?"

"गोठ्यात खिळा घुसला हुता पायात," आई मिटल्या दातांतूनच म्हणाली. "पर त्ये कवाच भरलं की. हळद लावली हुती."

डॉक्टर हातातलं काम टाकून आमच्याच गाडीत बसले आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत आले. धनुर्वात होता.

तिथं आईला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं. नुसतं दार वाजलं तरी तिचं अंग कमानीसारखं वाकायचं. पुढं श्वासासाठी नळी घालावी लागली. मी बाहेरच्या बाकावर बसून असायची. एकदा तिथल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "जखम तर भरली होती, मग हे कशानं?"

त्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, जंतू पायातच राहतात, पण त्यांचं विष मज्जातंतूंमधून वर कण्यापर्यंत चढतं. काही पेशी स्नायूंना सैल पडायचा निरोप देत असतात. विष तो निरोपच अडवून धरतं. "मोकळं फिरणारं विष इंजेक्शननं आवरतं. पेशीत शिरलेलं काढता येत नाही. पण त्या पेशी मरत नाहीत, त्यांना नवी टोकं फुटतात आणि निरोप पुन्हा जायला लागतो. तोवर आपण आईंना सांभाळायचं."

पेशी मरत नाहीत, एवढंच मी धरून बसले.

बरेच आठवडे गेले. झटके कमी झाले, नळी निघाली. एका सकाळी आईचा हात हातात घेतला, तर तो मऊ लागला. बोटं आपसूक माझ्या तळव्यात सैलावली. बाहेर येऊन भावाला फोन लावला आणि मला बोलताच येईना.

"काय झालं गं?" तो घाबरला.

"काही न्हाई. हात मऊ लागला तिचा."

पलीकडून त्यानं नाक ओढलेलं ऐकू आलं.

घरी सोडताना सिस्टर लस घेऊन आल्या. आई म्हणाली, "आता कशाला गं बाई? हुऊन गेलं की."

डॉक्टरबाई हसल्या. "हा आजार एकदा झाला तरी परत होऊ शकतो, आई. इतकं थोडं विष पुरतं, की शरीराला त्याची ओळखच होत नाही. ती लसच करून देते."

आईनं मुकाट्यानं दंड पुढं केला. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिला बी टोचा. आता गोठ्यात हीच जाती."